कॅल्शियमची बाटली

आमच्या घरात हात लवकर सुटतो. काहींच्या घराण्यात साखर असते, काहींच्यात दमा, आमच्यात हात आहे. वडील रेल्वेत होते. त्यांचा पट्टा त्यांच्या कमरेला कमी आणि आमच्या पाठीवर जास्त दिसायचा. आई लाटण्यानं मारायची. दादा मला मारायचा आणि मी दादाला चावायचे, त्याच्या डाव्या मनगटावर माझे दोन दात अजून उमटलेले आहेत. मी पाचोडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेतून छडी गेली तेव्हा सगळ्यात जास्त हळहळणारी बाई मीच असेन. तर अशा घरातल्या बाईनं आपल्या मोठ्या भावाला भर विहारात, शंभरेक माणसांसमोर, दोन थोबाडीत ठेवून दिल्या. त्या का दिल्या हे सांगायचं तर आधी गोळ्यांचं सांगावं लागेल.

दादा पंचविशीत असताना पहिल्यांदा बिघडला. वाळूजला एका कंपनीत लेथवर होता. आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, तोंडाला खळ नाही. सगळ्या कामगारांना घरं बांधून देणार म्हणायचा, नकाशे काढायचा, भिंतीवर कोळशानं. नवव्या दिवशी टीव्ही उचलून अंगणात आपटला. वडील आडवे आले तर त्यांचा पुढचा दात पाडला. मग वडील आणि दोन चुलत्यांनी मिळून त्याला बाजेला बांधला, नायलॉनच्या दोरीनं, हातापायांना वळ उठेपर्यंत.

गावाकडून मावशी आली. म्हणाली, "देवऋषाकडं न्या याला. लागीर झालंय."

वडील कडवे आंबेडकरी. त्यांनी मावशीला तिथंच झापलं. "आपल्यात लागीर-बिगीर काय नसतं. सोडलंय ते आपण." बोलणं बरोबरच होतं. पण लागीर नसेल तर मग काय, याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे माज. आणि माजावरचं औषध खुंटीलाच टांगलेलं होतं. बाजेला बांधलेल्या माणसाला पट्ट्यानं मारताना मी दारात उभी राहून पाहिलं आहे. बकलानं दादाचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात गेलं, आणि तरी तो हसत होता. तेव्हा आई मध्ये पडली, तिलाही दोन बसले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

त्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात आमचा दादा आम्हाला परत मिळाला. डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, "गोळी गुणाची आहे, पण हिचं दुसऱ्या गोळ्यांशी पटत नाही. बीपीची असो, अंगदुखीची असो, कुठलीही नवी गोळी घ्यायच्या आधी मला विचारायचं. जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. शरीरातलं मीठपाणी कमी झालं की ही गोळी बाहेर पडत नाही, रक्तात साचत जाते. मग तिचं विष होतं." आणि दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचं. आईनं मान डोलावली, मीही डोलावली. आम्हाला सगळं समजलं होतं, म्हणून तर माझा राग जात नाही.

सत्ताविसाव्या वर्षी दादाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना आजाराचं सांगितलं नाही. आईनं एक युक्ती काढली. दादाच्या गोळ्या पाकिटातून एकेक फोडून काढल्या आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. नवी सून विचारील तर म्हणायचं, हाडं कच्ची आहेत.

वहिनी लासूर स्टेशनची, मापाडी बापाची लेक. महिनाभरात तिनं खरं काढून घेतलं, तेही दादाकडूनच, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. तिनं ती बाटली आईच्या अंगावर फेकली. "मला फसवलं तुम्ही सगळ्यांनी," असं ओरडत माहेरी गेली आणि दोन महिन्यांनी स्वतःच परत आली. माणूस चांगला आहे, म्हणाली. पण बाटली तीच राहिली. दर महिन्याला आधी आई आणि आई गेल्यावर वहिनी गोळ्या फोडून तिच्यात भरत राहिली, कारण आता शेजारी होते, भावकी होती, कंपनीतले होते. पुढं लेक झाली. तिनंही लहानपणापासून तेच पाहिलं. पप्पा रोज कॅल्शियम घेतात. बावीस वर्षं त्या बाटलीनं घर सांभाळलं, असं आम्हाला वाटत होतं.

ह्या बावीस वर्षांत दादानं कुणावर हात उगारला नाही. आमच्या घराण्यात असा तो एकटाच. दर रविवारी वसाहतीच्या विहारात तोच वंदना घ्यायचा. तो म्हणायचा, लोक मागून म्हणायचे. दारूला तो कधीच शिवला नाही.

मग भाचीला स्थळ आलं. मुलगा बिडकीनचा, तिकडच्याच नव्या कंपनीत कामाला, आपल्याच समाजातला, दिसायला बरा. मुलाची मावशी इथं सिडकोत एका दवाखान्यात सिस्टर होती. बघण्याच्या दिवशी दादाला जरा गरगरलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "आमच्या सरांना दाखवा, उद्याच या, मी नंबर लावून ठेवते." नाही कसं म्हणणार? वहिनीची अंगणवाडी होती, म्हणून दादाबरोबर मी गेले.

बीपी वाढलं होतं. डॉक्टर भले होते, घाईत नव्हते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मुलाची मावशी फाईल धरून बाजूलाच उभी होती. दादानं तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो दचकला.

"काही नाही सर," मी म्हणाले. "कॅल्शियमची तेवढी एक घेतो."

मावशीनं फाईलमध्ये तसं लिहिलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. म्हणाले, "हिच्यात लघवी वाढवणारं औषध पण आहे, थोडं जास्त जावं लागेल, घाबरू नका. आणि मीठ कमी करा." दादा माझ्याकडे बघत होता. आम्ही जिना उतरलो तेव्हा तो म्हणाला, "अगं, आपल्या डॉक्टरांनी मीठ तोडू नका म्हणलं होतं. त्यांना फोन करू का?"

"साखरपुडा होऊ दे," मी म्हणाले. "तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तोवर तोंड बंद ठेव. पोरीचं वाटोळं करायचंय का तुला?"

त्यानं फोन केला नाही. माझ्या आवाजाला तो घाबरतो. रक्त तपासायची तारीखही त्याच दिवसांत होती, तीही मीच पुढं ढकलली. मनोविकारांच्या दवाखान्यात कुणी पाहिलं असतं तर?

वैशाख होता. माझ्याच सांगण्यावरून वहिनीनं पापड, लोणचं बंद केलं, भाजीत मीठ चिमटीनं घालायला लागली. दादा आळणी जेवायचा, उन्हात कामाला जायचा, घामाघूम होऊन यायचा. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, त्याही सकाळ-संध्याकाळ. म्हणजे ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्या आम्ही अगदी नेमानं केल्या. आणि रोज सकाळी कॅल्शियमच्या बाटलीतल्या त्याच्या गोळ्या, त्या काही चुकल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा हात थरथरायला लागला. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. जुलाब लागले. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. मग तो शब्द खायला लागला. एकदा सायकलवरून पडला, एकदा मोरीच्या उंबऱ्याला अडखळून. तिसऱ्या आठवड्यात शेजारीण वहिनीला म्हणाली, "भाऊंनी सुरू केली व्हय? लेकीचं लग्न निघालं की बाप्या माणसाला लई टेन्शन येतं." वहिनी तिच्याशी भांडली. मला मात्र ते पटलं. मला खरंच वाटलं, की हा बाहेर कुठंतरी पिऊन येतोय. शाळेत मी पोरांच्या वह्या तपासते, एक काना सुटलेला मला दिसतो. माझ्या भावाच्या रक्तात गोळीचं विष होत होतं ते दिसलं नाही.

साखरपुडा विहारातच होता, सकाळी अकराला. बिडकीनहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. मुलीच्या बापानंच वंदना घ्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, मान म्हणून. दादा पांढरा सदरा घालून पुढं उभा राहिला. मेणबत्ती लावताना काडी तीन वेळा विझली. त्रिसरण कसंबसं झालं. पंचशील सुरू झालं तेव्हा त्याची जीभ जड होती. पहिली चार शिलं लोकांनी त्याच्या मागून ओढून नेली. पाचवं शील दारूपासून, नशेपासून लांब राहण्याचं. तिथं तो अडकला. पहिला शब्द तोंडात घोळला, लाळेबरोबर हनुवटीवर आला. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मागं कुणीतरी हसलं. मग त्याचा तोल गेला, त्यानं टेबल धरलं आणि टेबलासकट, फुलांसकट, पेटत्या मेणबत्त्यांसकट तो खाली आला.

मुलाचा काका पुढं धावला. धिप्पाड माणूस. त्यानं दादाची गचांडी धरून त्याला उभा केला. "दारू पिऊन पंचशील म्हणतो व्हय रं? बाबासाहेबांच्या फोटोपुढं?"

इथं मी मध्ये गेले. का गेले ते सांगते, कारण बाहेरच्याला ते कळायचं नाही. आमच्यात असं आहे, की परक्यानं मारण्याआधी आपण मारावं. घरच्यानं मारलं म्हणजे शिक्षा झाली, प्रकरण मिटलं, अब्रू थोडी तरी राहिली. वडिलांनी चुलत्यांच्या पोरांना असंच कितीदा वाचवलं होतं. मी काकाला बाजूला ढकललं आणि दादाच्या एका गालावर एक, दुसऱ्या गालावर एक, अशा दोन ठेवून दिल्या. पूर्ण ताकदीनं. त्याचा चष्मा उडाला. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून एक वीत लांब होतं. तो काहीतरी म्हणत होता, मला ते ऐकायचं नव्हतं.

"मेला असतास तर बरं झालं असतं," मी म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

माझ्या मारण्यानं काही मिटलं नाही. उलट वाट मोकळी झाली. घरचीच मारतेय म्हटल्यावर काकानं लाथ घातली, ती बरगडीत बसली. आणखी दोघांनी हात धुऊन घेतले. भाची मध्ये पडली तर तिची बांगडी फुटून मनगट कापलं. वहिनी चप्पल घेऊन काकाच्या अंगावर धावली. दादा जमिनीवर आडवा होता. त्यानं ओकारी काढली, कपडे खराब केले. मग त्याचा हात झटके द्यायला लागला, मग पाय, मग अख्खं अंग. डोळे पांढरे होऊन वर गेले. मारणारे मागं सरकले. मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

रिक्षात घालून आम्ही त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मुलाची मावशी आमच्याबरोबर आली, न सांगता, सिस्टर म्हणून. अपघात विभागात एक पोरगेलीशी डॉक्टरीण होती. काकाच्या माणसांपैकी कुणीतरी दारातूनच म्हणालं, "मॅडम, लई पिलाय." डॉक्टरीण त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर वाकून दादाच्या तोंडाजवळ नाक नेलं. ओकारीनं भरलेल्या तोंडाजवळ. दोन श्वास घेतले.

"प्यायलेले नाहीत हे," ती म्हणाली. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

वहिनी बाहेर केसपेपर काढायला गेली होती. मावशी म्हणाली, "बीपीची, आमच्याच सरांनी दिलेली. फाईल मीच लिहिली आहे." भाची रडत म्हणाली, "आणि कॅल्शियम. पप्पा रोज कॅल्शियम घेतात." पोरीचा काय दोष? तिला जे दाखवलं तेच ती सांगत होती.

डॉक्टरीण म्हणाली, "कॅल्शियमनं असं होत नाही. अजून काही? नीट आठवा."

मावशी माझ्याकडे बघत होती. मी गप्प होते. किती वेळ? नळाखाली तांब्या भरायला लागतो तेवढा असेल. पण माझा भाऊ समोर झटके देत होता, आणि मी तेवढा वेळ स्थळाचा विचार केला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

मग मी किंचाळले. "ते कॅल्शियम नाहीये! लिथियम आहे ते! पंचवीस वर्षं झाली!"

पुढचं सगळं त्या पोरगेल्या डॉक्टरणीनं केलं. तिला एका शब्दात सगळं समजलं. बीपीची गोळी, दुखण्याची गोळी, मीठ बंद, ऊन, जुलाब, असं ती एकेक विचारत गेली आणि मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. रक्तात लिथियम विषाइतकं साचलं होतं. मूत्रपिंडाच्या मशिनवर त्याचं रक्त धुवून काढलं, एकदा नाही, तीनदा. मोडलेल्या दोन बरगड्यांचं नंतर बघू म्हणाले.

मावशी जाताना माझ्यासमोर उभी राहिली. "मला सांगितलं असतं तर मी काय दवंडी पिटली असती का? माझ्या हातानं लिहून घेतलं तुम्ही ते. माझ्या हातानं." तिनं मला मारलं असतं तर मी ते खाल्लं असतं. तिनं मारलं नाही.

दादा आठव्या दिवशी शुद्धीवर आला. लिथियम कायमचं बंद झालं, दुसरी गोळी लागली. ती आता तिच्याच पाकिटात असते, फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी. बाटली वहिनीनं दगडावर ठेवून वरवंट्यानं ठेचली. पण मेंदूच्या ज्या भागानं माणूस तोल सांभाळतो, त्याला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. दादा पाय फाकून, झोकांड्या देत चालतो. त्याचं बोलणं जड येतं. हात पेल्याजवळ गेला की थरथरतो. ज्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो आता मरेपर्यंत दारुड्यासारखा चालणार. वंदना त्यानं सोडली.

बिडकीनच्या मंडळींनी माफी मागितली, काकाही आला होता, हात जोडून. त्यांना स्थळ मोडायचं नव्हतं. मोडलं ते आमच्या पोरीनं. "ज्यानं माझ्या बापाला लाथ मारली त्याच्या दारात मी जाणार नाही," म्हणाली. ते गेल्यावर माझ्याकडे वळली. "आत्या, पहिला हात तुझा होता." तेव्हापासून ती माझ्या घरी आलेली नाही. मी गेले की पाणी देते आणि आत जाते.

रोज सकाळी शाळेची गाडी पकडायच्या आधी मी दादाला बागेपर्यंत फिरवून आणते. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर एका रिक्षावाल्यानं त्याच्या झोकांड्या पाहिल्या आणि हाक मारली, "क्या मामू, सवेरे सवेरेच लगा लिये?" माझं डोकं फिरलं. मी पायातली चप्पल काढली. त्याच्यापर्यंत पोचलेही असते, पण दादानं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला आता ताकद नाही, पण थरथर एवढी की माझा हातही हलायला लागला.

"सोड," मी म्हणाले. "बघते त्याच्याकडं. न बघता, न विचारता, तोंडाला येईल ते बोलतोय."

दादा थांबला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो. "त्याला... काय म्हणती गं," तो म्हणाला. "तो लांब होता. तू तर जवळ होतीस." मग जरा दम घेऊन म्हणाला, "एकदा... वास तरी घ्यायचा की."

तो रागावलेला नव्हता, रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवशी विहारातही तो हेच सांगत होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी चप्पल खाली टाकली, पायात घालायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले. मग तो माझ्याजवळ आला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन तोल सावरला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि लहान पोरासारखा हाऽऽ करून श्वास सोडला.

चहाचा आणि टूथपेस्टचा वास आला.